लष्करी सेवेतील ठपका आणि त्याला द्यायचे उत्तर

भारतीय लष्करात एखाद्याच्या चुकीबद्दल अधिकृत ठपका ठेवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट शिक्षेची. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ७१ मध्ये कोर्ट मार्शलला देता येणाऱ्या शिक्षांची उतरंड दिली आहे. ती मृत्युदंडापासून सुरू होते आणि कारावास, बडतर्फी, ज्येष्ठतेतील कपात असे टप्पे घेत ‘सिव्हिअर रेप्रिमांड’ आणि ‘रेप्रिमांड’पर्यंत, म्हणजे कडक ठपका आणि साधा ठपका इथपर्यंत खाली येते. या दोन शिक्षा अधिकारी, जेसीओ (कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी) आणि हवालदार-नाईक यांसारखे एनसीओ (बिनकमिशन्ड अधिकारी) यांच्यासाठी आहेत. त्या देण्यासाठी दर वेळी कोर्ट मार्शल भरवावे लागते असे नाही. कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसर एनसीओला, कलम ८३ खाली ब्रिगेड कमांडर मेजरच्या खालच्या अधिकाऱ्याला आणि कलम ८४ खाली एरिया कमांडर लेफ्टनंट कर्नलच्या खालच्या अधिकाऱ्याला संक्षिप्त सुनावणीत ठपका देऊ शकतो.

दुसरी वाट प्रशासकीय आहे. तिला लष्करात ‘सेन्शर’ म्हणतात. अधिनियमातल्या शिक्षांच्या यादीत सेन्शर नाही. ते लष्कर मुख्यालयाच्या धोरणपत्रांनुसार चालते आणि ही पत्रे वेळोवेळी बदलत आली आहेत. वरिष्ठ सेनापती, लष्करप्रमुख किंवा केंद्र सरकार संबंधिताला आपली ‘डिस्प्लेझर’ किंवा ‘सिव्हिअर डिस्प्लेझर’, म्हणजे नाराजी किंवा तीव्र नाराजी, लेखी कळवते. ती ‘रेकॉर्डेबल’ असेल तर त्याच्या नोंदींत राहते आणि बढतीच्या वेळी निवड मंडळापुढे येते. नौदलात आणि हवाई दलात कायदे वेगळे असले तरी व्यवस्था बरीचशी अशीच आहे.

कागदावर हलका दिसणारा हा ठपका सेवेत जड का जातो, हे लष्कराच्या रचनेवरून कळते. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती ठरावीक वर्षे आणि पात्रता पूर्ण केल्यावर मिळते. कर्नलपासून पुढे निवड मंडळ बसते आणि प्रत्येक पायरीवर जागा झपाट्याने कमी होतात. सारख्याच तोलामोलाच्या अनेक अधिकाऱ्यांतून थोड्यांना निवडायचे असते, तेव्हा एक नोंदही पारडे फिरवू शकते. शिवाय बढती, परदेशी नेमणूक, कायम कमिशन अशा प्रत्येक टप्प्यावर शिस्त आणि दक्षता विभागाची हरकत नसल्याचा दाखला लागतो. लष्करी बोलीत त्याला ‘डीव्ही क्लिअरन्स’ म्हणतात. महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नितिशा प्रकरणात दिलासा दिला, तोही या दाखल्याच्या अटीवर.

पार्श्वभूमी

ही रचना ब्रिटिश काळातून आली. १८६९ चे ‘इंडियन आर्टिकल्स ऑफ वॉर’, मग १९११ चा ‘इंडियन आर्मी ॲक्ट’ आणि स्वातंत्र्यानंतर १९५० चा अधिनियम असा तिचा वंश आहे. पलटणीची शिस्त कमांडरच्या हातात असावी, हे तिचे मूळ सूत्र. राज्यघटनेनेही त्याला जागा ठेवली. अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे आणि अनुच्छेद २२७ मधील उच्च न्यायालयांच्या देखरेखीतून लष्करी न्यायाधिकरणे वगळली आहेत.

स्वातंत्र्यानंतर तीन दशके या सूत्राला फारसा धक्का लागला नाही. १९८२ मध्ये लेफ्टनंट कर्नल पृथी पाल सिंग बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या बाजूने निकाल दिला, पण त्याच वेळी एक त्रुटी ठळकपणे दाखवली: कोर्ट मार्शलच्या निकालातील पुरावा पुन्हा तपासेल अशी एकही अपील यंत्रणा नाही. पुढे विधी आयोगाने १९९९ मध्ये आपल्या १६९ व्या अहवालात सशस्त्र दलांसाठी न्यायाधिकरण सुचवले, २००७ मध्ये कायदा झाला आणि २००९ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झाले. त्याचे मुख्य खंडपीठ दिल्लीत आहे. प्रादेशिक खंडपीठांपैकी एक मुंबईत आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील सैनिकाला दाद मागायला आता दिल्ली गाठावी लागत नाही.

ठपका कसा ठेवला जातो

जवानाच्या बाबतीत सारे ‘ऑर्डरली रूम’मध्ये घडते. टोपी आणि पट्टा उतरवलेल्या जवानाला एस्कॉर्टसह, हुकमाच्या तालावर पावले टाकत, कमांडिंग ऑफिसरच्या टेबलापुढे आणले जाते. आरोप वाचला जातो, साक्षीदार बोलतात आणि त्याला काय म्हणायचे आहे ते विचारले जाते. सेना नियम, १९५४ मधील नियम २२ प्रमाणे आरोपाची सुनावणी त्याच्यासमोरच व्हायला हवी आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची, स्वतःचे साक्षीदार बोलावण्याची पूर्ण मुभा त्याला असते. प्रत्यक्षात अनेक सुनावण्या काही मिनिटांत उरकतात आणि ही मुभा वापरलीच जात नाही. आपल्या कंपनीतल्या सुभेदारसाहेबांना उलट प्रश्न विचारायचे, तेही कमांडिंग ऑफिसरसमोर, हे तरुण नाईकाच्या मनातही येत नाही.

कडक ठपक्यासारख्या मोठ्या शिक्षेची नोंद लाल शाईने होते. अशा ‘रेड इंक एंट्री’ची धास्ती प्रत्येक बराकीत असते. चार लाल नोंदी झालेल्याला ‘सेवेची गरज नाही’ म्हणून घरी पाठवण्याची प्रथा दीर्घकाळ चालू होती. जवानाचे निवृत्तिवेतन १५ वर्षांच्या सेवेनंतर लागू होते. बाराव्या-तेराव्या वर्षी चौथी नोंद झाली तर तो त्याला मुकू शकतो.

अधिकाऱ्याच्या बाबतीत सुरुवात बहुधा ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ने होते. नाव कोर्टाचे असले तरी ही तथ्य गोळा करणारी समिती असते. तिच्या अहवालावरून सेनापती ठरवतो की प्रकरण सोडून द्यायचे, संक्षिप्त सुनावणीत निकालात काढायचे, कोर्ट मार्शलकडे न्यायचे की प्रशासकीय कारवाई करायची. प्रशासकीय कारवाई ठरली तर कारणे दाखवा नोटीस येते, तिला लेखी उत्तर दिले जाते आणि मग सेन्शर होते किंवा प्रकरण बंद होते.

दोन दृष्टिकोन

कमांडरांच्या बाजूचे म्हणणे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. प्रत्येक चुकीसाठी कोर्ट मार्शल भरवले तर पाच-सात अधिकारी महिनोन् महिने अडकतात, पलटणीची अब्रू चव्हाट्यावर येते आणि चूक करणाऱ्यालाही अवाजवी शिक्षा होण्याचा धोका असतो. सेन्शर ही त्या मानाने सौम्य आणि सुधारणेला वाव देणारी उपाययोजना आहे. शिवाय निष्काळजी आदेश, हाताखालच्यांवरील ढिला ताबा, निर्णयातली घाई असे काही दोष गुन्ह्याच्या व्याख्येत बसत नाहीत, पण शत्रूसमोर ते जिवावर बेततात. त्यांची नोंद कुठेतरी झालीच पाहिजे. आणि जो सेनापती माणसांना लढाईत नेतो, त्याच्या निर्णयावर प्रत्येक पायरीला वकिलाने बोट ठेवायचे असेल तर आदेशाचे वजन राहत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मुख्यतः लष्करी कायद्याचे वकील आणि निवृत्त अधिकारी मांडत आले आहेत. त्यांच्या मते सेन्शरला शिक्षा म्हणत नसले तरी त्याचा परिणाम शिक्षेहून मोठा असतो. कोर्ट मार्शलमध्ये साक्षीपुरावा शपथेवर तपासला जातो, बचावासाठी वकील मिळतो, आरोप नेमका लिहावा लागतो. सेन्शरमध्ये यातले फारसे काही नसते. सेना नियमांतील नियम १८२ प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरीतील जबाब, खोट्या साक्षीचा खटला सोडला तर, संबंधिताविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. पण प्रशासकीय कारवाई मुख्यतः त्याच कागदांवर उभी राहते. कलम १२२ मधील तीन वर्षांची मुदत उलटल्याने खटला चालवता येत नसला, तरी प्रशासकीय वाट खुली राहते, हाही त्यांचा आक्षेप आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हरजीत सिंग संधू प्रकरणात मुदत संपल्यानंतरही सेवासमाप्तीची प्रशासकीय कारवाई करता येईल असे म्हटले, त्यामुळे कायद्याच्या पातळीवर लष्कराची बाजू भक्कम झाली. औचित्याचा वाद मात्र तसाच राहिला.

दोन्ही बाजू पाहता एक गोष्ट दिसते. सेन्शर असावे की नसावे यावर खरा मतभेद थोडाच आहे. वाद आहे तो ते कोणत्या पुराव्यावर आणि किती काळासाठी असावे, यावर.

उत्तर देण्याच्या पायऱ्या

ठपक्याला उत्तर म्हणजे नोटिशीला दिलेला जबाब, असा सर्वसाधारण समज आहे. निकाल पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. प्रकरणाचा कल बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत ठरलेला असतो. नियम १८० सांगतो की ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर चौकशीचा परिणाम होऊ शकतो, त्याला संपूर्ण चौकशीत हजर राहण्याची, निवेदन करण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची पूर्ण संधी मिळाली पाहिजे. हा नियम पाळला गेला नाही, हा पुढे न्यायाधिकरणात टिकण्याजोगा मुद्दा असतो. पण संधी दिली होती आणि संबंधिताने ‘प्रश्न नाहीत’ असे लिहून सही केली, तर तीच सही पुढे त्याच्याविरुद्ध जाते. इथे वकील नेण्याचा हक्क नसतो. त्यामुळे कोणता कागद मागायचा, कोणत्या साक्षीदाराला काय विचारायचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. लष्कराच्या कायदा विभागाचे शिक्षण नागपूरजवळच्या कामठीतील लष्करी कायदा संस्थेत होते. साध्या पलटणीतल्या कॅप्टनला या नियमांची ओळख मात्र बहुधा अडचणीत सापडल्यावरच होते, आणि या सगळ्या विषयातली ही सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल.

कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तरात काय असावे, याबद्दल अनुभवी मंडळींत बरेच एकमत आहे. ज्या कागदांच्या आधारे नोटीस दिली, ते आधी मागावेत. आरोपाच्या प्रत्येक कलमाला वेगळे उत्तर द्यावे. घडलेले मान्य असेल तर ते सरळ मान्य करून परिस्थिती सांगावी: मनुष्यबळ किती होते, आदेश कोणाचा होता, वेळ किती मिळाला, नुकसान टाळायला काय केले. पूर्वीची सेवा, पदके, अवघड भागातली वर्षे हे सारे शेवटी यावे. तो आरोपाचा जबाब नसतो, सौम्यतेची विनंती असते. वरिष्ठांच्या हेतूबद्दल संशय घ्यायचा असेल तर पुराव्यासहच घ्यावा. हा केवळ शिष्टाचार नव्हे. कलम ५६ प्रमाणे कलम २६ किंवा २७ खालच्या तक्रारीत एखाद्याच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे विधान करणे हा गुन्हा आहे. वृत्तपत्रांकडे जाण्याची वाटही नियम २१ ने बंद केली आहे.

उत्तराने प्रकरण कसे वळू शकते आणि किती गुंतागुंतीचे होऊ शकते, याचे ठळक उदाहरण २०१२ चे आहे. डिसेंबर २०११ मध्ये जोरहाटमध्ये ३ कोअरच्या गुप्तवार्ता तुकडीने केलेल्या कारवाईवरून तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांनी मे २०१२ मध्ये कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल दलबीर सिंग सुहाग यांना कारणे दाखवा नोटीस दिली आणि त्यांच्यावर डीव्ही बंदी घातली. ताबा नीट न ठेवल्याचा आरोप होता. सुहाग यांनी उत्तर दिले. दरम्यान लष्करप्रमुख बदलले आणि जनरल बिक्रम सिंग यांनी जूनमध्ये बंदी उठवली. सुहाग पुढे पूर्व कमांडचे प्रमुख आणि २०१४ मध्ये लष्करप्रमुख झाले. सरकारने नंतर सर्वोच्च न्यायालयात आधीच्या कारवाईवर टीका केली, तर जनरल सिंग आपल्या निर्णयावर ठाम राहिले. नोटीस आणि बंदी या अंतिम निर्णयाआधीच्या पायऱ्या असल्या तरी त्या काळात बढती अडते, हे या प्रकरणात सर्वांना दिसले.

ठपका कायम झाल्यावर कायद्याने तक्रारीची वाट दिली आहे. जवान आणि जेसीओंसाठी ती कलम २६ मध्ये आहे, तर कलम २७ प्रमाणे अधिकारी थेट केंद्र सरकारपर्यंत दाद मागू शकतो. कलम ८३, ८४ आणि ८५ खालच्या संक्षिप्त शिक्षांचे कागद आपोआप वरिष्ठांकडे जातात आणि शिक्षा बेकायदा, अन्यायकारक किंवा अवाजवी वाटल्यास कलम ८७ प्रमाणे ते ती रद्द किंवा कमी करू शकतात. कलम ८४ खाली ज्येष्ठता कापली जाणार असेल तर आधीच कोर्ट मार्शल मागण्याचा हक्क असतो. तो वापरावा की नाही, हा अवघड निर्णय आहे. पुराव्याची कसून तपासणी हवी असेल तर कोर्ट मार्शल बरे, पण तिथे शिक्षेची मर्यादाही वाढते.

एक मत असेही आहे की लढूच नये. मेसमधले जुने अधिकारी तरुणांना सांगतात, निमूटपणे घ्या आणि पुढच्या दोन-तीन गोपनीय अहवालांत भरून काढा. सौम्य, नोंद न होणाऱ्या नाराजीबाबत हा सल्ला शहाणपणाचा आहे. रेकॉर्डेबल सेन्शर किंवा लाल नोंद असेल तर तो महागात पडू शकतो, कारण दाद मागण्याची मुदत निघून जाते आणि न्यायालयात ‘तेव्हा गप्प का बसलात’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

न्यायालयांनी काय ठरवले

या प्रश्नावरचा पायाभूत निकाल १९८७ चा, रणजित ठाकूर प्रकरणातला आहे. या सिग्नलमनने आपल्याला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल वरिष्ठांकडे थेट अर्ज केला म्हणून त्याला २८ दिवसांची शिक्षा झाली. ती भोगत असताना जेवण्याचा आदेश मानला नाही, म्हणून समरी कोर्ट मार्शलने एक वर्षाचा कारावास आणि बडतर्फी सुनावली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती, तोच या कोर्टात बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने पक्षपाताची शक्यता आणि शिक्षेचे अवाजवीपण या दोन्ही कारणांनी कारवाई रद्द केली. शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी, हे तत्त्व लष्करालाही लागू आहे, असे यातून पक्के झाले.

लाल नोंदींबाबत २०१५ चा वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणातील निकाल तितकाच महत्त्वाचा आहे. चार नोंदी झाल्या म्हणून सेवा आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आधी प्राथमिक चौकशी व्हावी, नोंदी कोणत्या चुकांच्या आहेत ते पाहावे, जवानाने किती वर्षे आणि कशा खडतर ठिकाणी सेवा केली याचा विचार व्हावा. ही सारी पथ्ये लष्कर मुख्यालयाच्या १९८८ च्या पत्रात आधीपासून होतीच. न्यायालयाने लष्कराला त्याच्याच नियमाची आठवण करून दिली.

कोर्ट मार्शलमधला ठपकाही पुसला जाऊ शकतो. सुकना जमीन प्रकरणात ३३ कोअरचे माजी प्रमुख लेफ्टनंट जनरल पी. के. रथ यांना २०११ मध्ये सेवाकालाच्या कपातीसह सिव्हिअर रेप्रिमांडची शिक्षा झाली. २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांना निर्दोष ठरवले. तोवर ते निवृत्त झाले होते.

दुसऱ्या बाजूला १९९० च्या एस. एन. मुखर्जी प्रकरणात घटनापीठाने कोर्ट मार्शलचा निकाल कायम करताना किंवा त्याविरुद्धचा अर्ज फेटाळताना कारणे देण्याचे बंधन लष्करी अधिकाऱ्यांवर नाही, असे ठरवले. २००८ च्या देव दत्त निकालात गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा सरकारी नोकराला कळवावा असे म्हणताना न्यायालयाने लष्करी अधिकाऱ्यांना अपवाद केले.

इतर देशांत

अमेरिकी भूदलात जनरलने दिलेला लेखी ठपका सैनिकाच्या कायम फाइलमध्ये घालण्याआधी तो त्याला दाखवून लेखी उत्तर घ्यावे लागते. उत्तर वाचल्यावरच तो स्थानिक फाइलमध्ये ठेवायचा की कायमच्या, हे जनरल ठरवतो. स्थानिक फाइलमधला ठपका काही काळाने किंवा बदलीनंतर निघून जातो. कायम फाइलमधल्या ठपक्याविरुद्ध वेगळ्या मंडळाकडे जाता येते आणि ठपक्याचा हेतू साध्य झाला आहे, या आधारावर तो बाजूला ठेवण्याचीही विनंती करता येते. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये सैनिकांच्या तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र लोकपाल आला. भारतातील चर्चेत या दोन्ही कल्पना अधूनमधून डोकावतात.

अनिर्णित राहिलेले

पहिला प्रश्न न्यायाधिकरणाच्या कक्षेचा आहे. २००७ च्या कायद्यातील सेवाविषयक बाबींच्या व्याख्येत संक्षिप्त सुनावणीचा उल्लेख ‘बडतर्फीची शिक्षा झाली असेल तर’ अशा शब्दांत येतो. त्याच व्याख्येच्या शेवटी ‘अन्य कोणतीही बाब’ हे शब्दही आहेत. मग बडतर्फी नसलेला, संक्षिप्त सुनावणीतला कडक ठपका नेमका कुठे बसतो, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतात.

दुसरा प्रश्न उच्च न्यायालयांचा होता. २०१५ मध्ये श्रीकांत शर्मा निकालाने न्यायाधिकरणानंतर उच्च न्यायालयाचे दार जवळपास बंद केले, तेव्हा सामान्य सैनिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाणे भाग पडले. मार्च २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते दार पुन्हा उघडले. मात्र उच्च न्यायालयांनी लष्करी शिस्तीच्या बाबतीत किती खोलात जावे, याची रेषा प्रकरणागणिक आखली जात आहे.

तिसरा प्रश्न अंतर्गत तक्रार यंत्रणेच्या वेगाचा आहे. न्यायाधिकरणात जाण्याआधी ही वाट चोखाळावी लागते. सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर पुढे जाता येते. तेवढ्या काळात एखादे निवड मंडळ होऊन गेलेले असते. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकर यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने नोव्हेंबर २०१५ मध्ये तक्रार निवारण सुधारून खटले कमी करण्याबाबत विस्तृत शिफारशी केल्या. तक्रारदाराला प्रत्यक्ष भेटून ऐकण्याची पद्धत सगळीकडे रुजावी, ही मागणी अजून पुरी झालेली नाही.

२०२२ मधील अग्निपथ योजनेने या यादीत नवा प्रश्न घातला. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते आणि त्यातून जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केले जाते. जुन्या पद्धतीत दुसऱ्या वर्षी झालेली चूक पुढची तेरा वर्षे चांगले काम करून धुऊन काढता येत असे. अग्निवीराला तेवढा अवधी मिळत नाही, आणि त्याची तक्रार वरिष्ठांकडून निकालात निघेपर्यंत निवडीची वेळ येऊन ठेपलेली असते. त्यामुळे या सैनिकांच्या बाबतीत शिस्तीच्या नोंदींचे वजन किती धरावे आणि त्याविरुद्धची दाद किती दिवसांत निकाली निघावी, याचे उत्तर आता नव्याने शोधावे लागणार आहे.